निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

देवळाली प्रवरेत सध्या कुठल्याच संघात निवड न झालेला मुलगा दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. गावापासून राहुरी फॅक्टरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स लागलेत. प्रत्येकावर एक पोरगं, निळा ट्रॅकसूट, हाताची घडी आणि डोळ्यांत देशाची चिंता. वर ठळक अक्षरांत, ‘राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची रांग. तिच्यात खेळाडूपेक्षाही मोठा फोटो ज्यांचा असतो, त्यांचा क्रिकेटशी संबंध एवढाच, की त्यांना पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय आणि त्यांची निवड अजून कुणी केलेली नाही.

मध्यंतरी माझ्या चुलतभावाच्या मुलाची निवड झाली. वहिनी पेढे घेऊन आल्या. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारू नये ते विचारलं.

“वहिनी, ट्रायलला किती पोरं होती?”

“बेचाळीस.”

“अरे वा! आणि निवडली किती?”

“बेचाळीस.”

वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नाही. पेढा संपेपर्यंत मलाही वाटलं नाही.

नंतर मी खोलात गेलो. निवड चाचणी अशी झाली होती : चाचणीची फी अगोदर ऑनलाइन भरायची. मग प्रत्येकाला सहा चेंडू खेळायला, सहा टाकायला. पुतण्याने सहापैकी एक चेंडू मारला, तोही पायाने. टाकलेल्या सहांपैकी दोन शेजारच्या घासाच्या वावरात गेले. अकॅडमीच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर यादी आली. पुतण्याच्या नावापुढे ‘अष्टपैलू’ असं लिहिलेलं होतं. यादीत एकूण एकोणतीस अष्टपैलू होते. कपिल देवनंतर देशाला अष्टपैलू मिळत नाही म्हणून ओरड करणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे चक्कर मारावी.

आता बेचाळीसच का? तर स्पर्धेला टेम्पो ट्रॅव्हलरने जायचं असतं. गाडी सतरा सीटची. त्यात एक सर, एक आचारी, एक पालक व्यवस्थापक. राहिल्या चौदा सीट. म्हणून एका संघात चौदा खेळाडू. गाड्या तीन, संघ तीन : अ, ब आणि क. यंदा गावात गुणवत्ता बरोबर चौदाच्या पटीत उगवली होती. पैसे भरायची मुदत टळल्यावर एक त्रेचाळिसावा मुलगा आला. त्याला सरांनी स्पष्ट सांगितलं, “बाळा, या वेळी नाही.” गावातली ही गेल्या कित्येक वर्षांतली पहिली खरी नापसंती. ऐकून मला बरं वाटलं. पण त्याच्या वडलांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची एर्टिगा काढली आणि रात्रीपर्यंत पोरगं क संघात यष्टिरक्षक झालं. त्या संघाचे आधीचे दोन यष्टिरक्षक एर्टिगात बसायला मिळेल म्हणून खूश झाले.

याला निवडयादी म्हणतात. आमच्या एस्टीत याला आरक्षण तक्ता म्हणायचे.

आमच्या वेळी, असं म्हटलं की पुतण्या उठून जातो, पण तुम्ही बसा. आमच्या वेळी खेळ होता कबड्डीचा आणि निवड समिती होती पीटीच्या सरांची. एकसदस्यीय. शंभरेक पोरं चड्डी-बनियनवर रांगेत उभी राहायची, सर हातातली शिट्टी फिरवत रांगेवरून एकदाच जायचे आणि बारा पोरं बाजूला निघालेली असायची. सात मैदानात, पाच राखीव. उरलेल्यांना कारण सांगायची पद्धत नव्हती. कुणी विचारलंच, तर सर म्हणायचे, “तुझं पायात पाय येतंय, तू गणित कर.” त्यात गणिताच्या सरांचा काय दोष होता ते कळत नसे.

निवड झाली तरी सुटका नव्हती, कारण पुढे वजनकाटा होता. कबड्डीत किशोर गटाला वजनाची मर्यादा असते. वजनाच्या आदल्या दिवसापासून पोरं उपाशी. आमच्या संघाचा कोपरारक्षक थोडक्यात जास्त भरत होता, म्हणून त्याला पहाटे कॅनॉलच्या भराव्यावर पळवला, घाम काढला, तरी काटा हलेना. शेवटी न्हाव्याकडे नेऊन त्याचा गोटा केला. त्याने किती फरक पडतो हे शास्त्राला ठाऊक, पण तो बसला. काट्यात बसला, एवढंच. सामन्यात भुकेमुळे पहिल्या चढाईला आडवा झाला आणि केसही गेले, सामनाही गेला.

तिथून पुढची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. सगळे सामने बाद पद्धतीचे. सकाळी दहाला हरलात की अकराच्या एस्टीने परत. डब्यातली भाकरी-शेंगदाण्याची चटणी गाडीतच उघडायची. शाळेच्या सगळ्या इतिहासात विभागापर्यंत पोचलेला संघ एकच. त्यांचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत गांधी-नेहरूंच्या खालोखाल होता. विभाग म्हणजे पुणे, बरं का. कलेक्टर कचेरीच्या कामाला आम्ही नाशिक विभागात, पण दहावीच्या बोर्डाला आणि शालेय खेळांना पुणे विभागात. म्हणजे सातबाऱ्याचं अपील घेऊन उत्तरेला जायचं आणि कबड्डीत हरायला दक्षिणेला.

एवढ्या पायऱ्या चढण्यात पोराची शाळा संपायची. यावर नव्या व्यवस्थेने फार सोपा उपाय काढला. मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या. आता तालुका नाही, जिल्हा नाही, विभाग नाही. पोरगं घरून उठतं ते थेट राष्ट्रीय खेळतं. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे एका खेळाला एकाच राष्ट्रीय महासंघाची मान्यता असते. पण ‘राष्ट्रीय’ हा शब्द फ्लेक्सवर छापायला कुणाची मान्यता लागत नाही. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धा गोव्यात होतात, आग्र्याला होतात आणि चक्क शिर्डीलाही होतात. शिर्डी आमच्यापासून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. आमच्या आळीतलं एक पोरगं सकाळी वडलांच्या मोटारसायकलवर मागे बसून राष्ट्रीय स्पर्धेला गेलं, दोन सामने खेळलं, दर्शन घेतलं आणि रात्री जेवायला घरी होतं. पाठीवर ‘महाराष्ट्र’ लिहिलेला टी-शर्ट आईने भिजतही घातला.

याच्यावरची पायरी आंतरराष्ट्रीय. ती नेपाळात होते, कारण नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही.

पदकांचंही शास्त्र आहे. स्पर्धेला चार संघ बोलवायचे. एक विजेता, एक उपविजेता आणि उपांत्य फेरीत हरलेले दोघं संयुक्त तिसरे. चार संघ आले, चारही पदकं घेऊन गेले. एकही सामना न जिंकता कांस्यपदक. आमचा क संघ असाच एका सामन्यात नऊ गडी राखून हरला आणि तिसरा आला. गावात मिरवणूक निघाली. डीजे होता.

आता मुख्य गोष्ट. ही गुणवत्ता येते कुठून? मी या विषयाचा थोडा अभ्यास केलाय आणि माझा निष्कर्ष असा, की ती कांद्यातून येते. वांबोरीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव चढला, की आमच्याकडे डावखुरे फिरकी गोलंदाज वाढतात. उसाचं पेमेंट खात्यात पडलं, की सलामीचे फलंदाज. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले. त्या हंगामात आमच्या गावातल्या 14 वर्षांखालील मुलांची गुणवत्ता जी घसरली, ती विचारू नका. तीन संघांचा एक झाला. जी पोरं दिवाळीत अष्टपैलू होती, ती संक्रांतीला बापाबरोबर पाणी धरायला निघाली. पुढे मे 2024 मध्ये निर्यातबंदी उठली आणि हळूहळू मुलांचं फूटवर्कही सुधारलं.

गंमत म्हणजे हेच बाप कांदा निवडताना बघावेत. चाळीपुढे ढीग घालून बसतात. एक नंबर वेगळा, गोल्टी वेगळी, जोड वेगळा, कोंब आलेला थेट बांधावर. हातात घेतला की अर्ध्या क्षणात निकाल. त्यात मायाममता नाही, ‘याला अजून एक संधी देऊ’ नाही. कारण गोणीत एक जरी नासका गेला, तर व्यापारी सगळ्या वक्कलाचा भाव पाडतो. तोच माणूस हात धुऊन मैदानावर येतो आणि पोराने सरळ हातातला झेल सोडला, की म्हणतो, “बघा, चेंडूपाशी पोचतो कसा!” एवढ्या सरावलेल्या डोळ्यांना घरचा कांदा कसा दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. वाटतं, पण पुतण्याच्या वेळी मीसुद्धा म्हणालोच होतो, की चेंडू पायाने मारला तरी टायमिंग चांगलं होतं.

आता कुणी म्हणेल, अहो, नाही म्हटल्याने पोरं खचतात. खचत असतील. पण मग काही पोरांचं काय करायचं? 1987 साली एमआरएफच्या चेन्नईतल्या वेगवान गोलंदाजीच्या केंद्रात एक चौदा वर्षांचा मुलगा गेला होता. तिथे डेनिस लिली होता. त्याने बघितलं आणि सांगितलं, की पोरा, तू फलंदाजीच कर. सचिन तेंडुलकर घरी परत आला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1988 मध्ये, हॅरिस शील्डमध्ये कांबळीबरोबर त्याने 664 धावांची भागी केली. हाच लिली आमच्या गावात अकॅडमी चालवत असता तर? त्याने पोराची उंची मोजली असती, वडलांकडे बघितलं असतं आणि म्हणाला असता, “पोरात स्पार्क आहे. सहा महिन्यांचं फास्ट बॉलिंग पॅकेज घ्या, किट आपल्याकडूनच.” आणि आज तेंडुलकर हा साहित्य सहवासातला एक समाधानी मध्यमगती गोलंदाज असता, घरात तीन कांस्यपदकं.

फार लांब कशाला जायचं? झहीर खान आमच्या शेजारच्या श्रीरामपूरचा. फॅक्टरीवरून निघालात तर रस्त्यात चहा घ्यायच्या आत श्रीरामपूर येतं. तो मुंबईला गेला. मुंबईच्या रणजी संघात जागा होईना, म्हणून बडोद्याकडून खेळला. 2000 साली भारताकडून खेळायला लागला आणि 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेतले. अजिंक्य रहाणेही आमच्याच जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातला. पण या दोघांचे फ्लेक्स त्या काळी, निवड होण्याआधी, कुणी लावल्याचं ऐकिवात नाही. आता आमच्याकडे अगोदर फ्लेक्स लागतो, मग निवड होते, आणि खेळायचं जमलं तर बघू.

हे सगळं मी एकदा अकॅडमीच्या सरांना ऐकवलं. सर हा वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकतो. स्वतः विद्यापीठापर्यंत खेळलेला, खांदा गेलेला, शाळेत नोकरीची वाट बघून थकलेला. शाळेतले पीटीचे सर हल्ली मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अष्टपैलू झालेत. मैदानाचं कंत्राट आपोआप या अकॅडमीवाल्या सरांकडे आलं. सर शांतपणे म्हणाले, “काका, खरं सांगू का? या त्रेचाळिसांत खेळणारी पोरं चार. मला कळत नाय का? पण चारच ठेवली तर जागेचं भाडं कुठून देऊ? मॅट, नेट, बॉलिंग मशिनचा हप्ता? बाकीची एकोणचाळीस पोरं त्या चार पोरांचं भाडं भरतात. आणि एकोणचाळीस जणांना मी तसं सांगू शकत नाय, म्हणून अष्टपैलू लिहितो.”

मला उत्तर सुचलं नाही. मी नॉर्वेचं उदाहरण काढलं. म्हटलं, तिकडे 11 वर्षांखालच्या पोरांच्या खेळाचे गुणतक्तेच लावत नाहीत, 13 च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, आणि 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं घेऊन तेच सगळ्यांच्या वर.

सर म्हणाले, “त्यांच्याकडं फ्लेक्सवाले नसतील.”

मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर त्याला वाटलं, मी त्याच्या मुलीविषयीच बोलतोय. ती तिकडच्या फुटबॉलच्या फिरत्या संघात आहे. तिच्या क्लबात पाच संघ आहेत आणि त्यांची नावं एलिट, प्रीमियर, सिलेक्ट, अकॅडमी आणि एलिट ब्लू. शेवटचा संघ सर्वांत ढ. “सिलेक्टमध्ये कुणाला घेत नाहीत?” मी विचारलं. तो म्हणाला, “चेक न वटलेल्याला.” शनिवारी पहाटे उठून तो तीन तास गाडी हाकतो, तिसऱ्या राज्यात पोचतो आणि तिथे मुलीचा सामना असतो त्याच्या शेजारच्याच गावातल्या संघाशी.

मी त्याला आमच्या गोव्याची गोष्ट सांगितली. आमचा अ संघ रात्रभर प्रवास करून गोव्याला पोचला. अनमोडच्या घाटात अर्धा संघ ओकला. सकाळी मैदानावर जाऊन बघतात तर पहिला सामना श्रीरामपूरशी. दोन्हीकडचे पालक एकमेकांना ओळखत होते. निम्म्यांचे कांदे एकाच बाजारात जातात. कुणीतरी सुचवलंही, की हे आपण मधे बेलापुरात खेळलो असतो. निवेदकाने माइकवरून आमच्या संघाचं स्वागत ‘नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचे वीर’ असं केलं. प्रमाणपत्रांवरही देवळाली कॅम्पच छापून आलं. त्यामुळे त्या वर्षी आमच्या गावचे चौदा पोरगे राष्ट्रीय पातळीवर दुसऱ्याच गावाकडून खेळले, असं कागद म्हणतो.

आणि कागदाचंच तर सगळं आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. बापाच्या मनात हिशोब तिथला असतो. पण ते मिळतं मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरलेल्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर, आणि नोकरीसाठी पडताळणीही होते. मध्यंतरी ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं, तेव्हा हा खेळ आपल्याकडे एवढा रुजलाय हे प्रथमच कळलं. तेव्हापासून तर साहेब लोक प्रमाणपत्र उजेडाला धरून बघतात. फाइल घेऊन गेलेला बाप परत येतो तेव्हा त्याच्या हातात अकरा राष्ट्रीय आणि एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं आणि सरकारच्या लेखी पोरगं अजून तालुक्यालाही खेळलेलं नसतं. तरी लॅमिनेशन केलेलं असल्याने कागद टिकतो चांगला.

यंदाच्या हंगामात एक वेगळीच भानगड झाली. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं एक पोरगं संध्याकाळी नेटच्या मागे चेंडू आणून द्यायला उभं राहायचं. सरांनी सहज त्याच्या हातात चेंडू दिला. अनवाणी पायाने चार पावलं पळून त्याने जो टाकला, तो आमच्या अ संघाच्या कप्तानाला दिसलाच नाही. स्टंप पडल्यावर त्याने मागे वळून बघितलं. दुसरा दिसला, पण त्यापेक्षा न दिसलेला बरा होता. त्या आठवड्यात पोराने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस राष्ट्रीय खेळाडूंना बाद केलं. काहींना तर दोनदा, कारण त्यांच्या वडलांनी तो नोबॉल होता असं सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच क्रिकेट बघितलं. ते त्याला फुकट शिकवायला तयार होते, बूट घ्यायला तयार होते.

पालकांची बैठक भरली. ठराव असा झाला, की बाहेरच्या पोरामुळे आपल्या मुलांचा आत्मविश्वास खच्ची होतोय. स्पर्धा तोंडावर आहे. तरी त्याला नेटमध्ये ठेवायचंच असेल तर जरा हळू टाकायला सांगावं. सरांनी निरोप पोचवला. पोरगं म्हणालं, “हळू टाकायचा तर मला येतच नाय.” झालं, तेवढ्यावरून गडी बाद. म्हणजे आमच्या गावाने शेवटी एका मुलाला नाकारलं, तेही खेळ बघून. सरांनी मात्र आपल्या ओळखीच्या एका जुन्या मित्राला आष्टीला फोन लावून ठेवलाय. टोळी गावी गेली की बघू म्हणाले. ही गोष्ट पालकांच्या ग्रुपवर टाकायची नाही, असं मला बजावलंय.

पुढच्या महिन्यात तिन्ही संघ आग्र्याला निघालेत. क संघाच्या पालक व्यवस्थापकाच्या शेताला नेमकं त्याच वेळी पाण्याचं आवर्तन आलंय, म्हणून त्यांनी नाव काढून घेतलं. काल रात्री सरांचा फोन आला.

“काका, अभिनंदन! पालक व्यवस्थापक म्हणून तुमची निवड झाली.”

“अहो, पण मी ना पालक ना व्यवस्थापक. आणि मी अर्ज कुठे केला होता?”

“त्याची गरज नाय. मागची खिडकीची सीट आहे. साडेचार हजार भरा, बाकीचं ताज बघून झाल्यावर.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “ट्रॅकसूट डबल एक्सएल सांगू का ट्रिपल?”

मी ट्रिपल सांगितला. पाठीवर ‘महाराष्ट्र’ पूर्ण बसलं पाहिजे.